बाळ बारीक झालं, चूक कुणाची? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात गरोदरपणावर लिहिलं आणि पत्रांचा, व्हॉट्सअ‍ॅप मेसेजचा ढीग लागला. बहुतेक सगळी सातारा-सांगलीकडचीच, खटाव, जत, वाळवा, कवठे महांकाळ. वाचताना एक गोष्ट सारखी टोचत राहिली. बाळ लवकर झालं किंवा कमी वजनाचं झालं की सगळं घर त्या पोरीकडं बघतं, तिनं काय खाल्लं, कुठं वाकली, ग्रहणात काय चिरलं. आणि तिचं लग्न कितव्या वर्षी केलं, तिच्या ताटात रोज काय पडलं, पहिलं बाळ अंगावर पीत असताना दुसरं कुणाला हवं होतं, हे ज्यांनी ठरवलं त्यांना कुणी काहीच विचारत नाही. म्हणून ह्या वेळी उत्तरं जरा लांबलीत, सांभाळून घ्या.

प्रश्न : मॅडम, माझ्या सुनेला आठव्या महिन्यातच कळा आल्या आणि नातू झाला, वजन १ किलो ९००. सध्या काचेत ठेवलाय. गावातल्या बायका म्हणतात सातव्यातलं जगतं पण आठव्यातलं जगत नाही. माझा जीव थाऱ्यावर नाही. सुनेला आम्ही कशाला काही कमी केलं नव्हतं, डोहाळजेवण पण थाटात केलं. मग असं का झालं? तिचंच काही चुकलं असंल का? – एक आजी, खटाव तालुका

उत्तर : आजी, आधी नातवाचं बोलू. आठव्यातलं जगत नाही हे साफ खोटं आहे, कितीही पिढ्या सांगत आल्या तरी खोटंच. पोटात जेवढे दिवस जास्त तेवढी बाळाची तयारी जास्त, फुप्फुसं तयार होतात, चोखून गिळायची ताकद साधारण ३४ व्या आठवड्याच्या आसपास येते, त्यामुळं आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा केव्हाही सुरक्षित. ३७ आठवडे भरायच्या आत झालं की अपुऱ्या दिवसांचं आणि अडीच किलोच्या आत भरलं की कमी वजनाचं असं आम्ही म्हणतो. तुमचा नातू दोन्हीत बसतो, पण १ किलो ९०० म्हणजे हातपाय गाळायचं वजन नव्हे, अशी बाळं चांगली बाळसं धरतात, फक्त पहिला महिना डोळ्यात तेल घालून जपावं लागतं.

काचेतून बाहेर आला की त्याला गरम ठेवायचं काम घरच्यांच्या अंगाचं आहे. टोपी, मोजे, लंगोट एवढंच घालून बाळ आईच्या उघड्या छातीशी उभं लावायचं आणि वरून लुगडं-शाल गुंडाळायची, ह्याला कांगारू मदर केअर म्हणतात, दिवसातून निदान आठ तास तरी, जास्त जमलं तर उत्तमच. आई दमली की तुम्ही घ्या, बापानं घेतलं तरी चालतं. ही घरगुती समजूत घालायची गोष्ट नाही बरं का. २०२१ साली भारतासह पाच देशांतला मोठा अभ्यास आला, त्यात १ किलो ते १ किलो ८०० ग्रॅमच्या बाळांना जन्मल्या जन्मल्या असं छातीशी धरलं तर, बाळ जरा स्थिर झाल्यावर धरण्याच्या तुलनेत, पहिल्या महिन्यातले मृत्यू चौथ्या हिश्श्यानं कमी झाले.

दूध फक्त आईचं. चोखायला दमत असेल तर दूध पिळून वाटीत काढा आणि बोंडल्यानं थोडं थोडं पाजा, बोंडलं दर वेळी उकळून घ्या, बाटली नको. मध, गुटी, साखरेचं पाणी काही चाटवू नका. शेगडी-धुरीचा धूर नको, आणि अंघोळीची घाई नको, डॉक्टर सांगतील तेव्हाच. बाळ दूध ओढेना, पाय गार पडले, छाती आत ओढून श्वास घ्यायला लागलं, तळवे पिवळे दिसले, नुसतं पडून राहायला लागलं तर रात्र काढू नका. आणखी एक गोष्ट जी बऱ्याच घरात राहून जाते ती म्हणजे डोळे. दोन किलोच्या आतल्या किंवा ३४ आठवड्यांच्या आत झालेल्या बाळाच्या डोळ्याचा पडदा तीस दिवसांच्या आत तपासून घ्यायचा असतो, वरून डोळे चांगले दिसतात म्हणून गाफील राहू नका, उशीर झाला तर नजर कायमची जाऊ शकते. लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, पण मान कधी धरणार, कधी बसणार हे मात्र डॉक्टरांनी जी तारीख दिली होती तिथून मोजायचं, नाहीतर शेजारणीच्या नातवाशी तुलना करून उगाच घोर लागेल.

आता सुनेचं. लवकर कळा यायला बीपी, लघवीचं इन्फेक्शन, गर्भपिशवीचं तोंड सैल असणं, जुळं, अशी कारणं असतात आणि बऱ्याच वेळा तर कारण सापडतच नाही. तिनं केलं असं काही नाही, हे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या, डॉक्टरनं सांगून ते होत नाही.

पण आजी, कशाला काही कमी केलं नाही असं तुम्ही मनापासून लिहिलंय म्हणून मीपण मनापासून विचारते. दिवस जायच्या आधी तिचं वजन किती होतं? रक्त किती होतं? डोहाळजेवण एका दिवसाचं, रोज दुपारी ती किती वाजता जेवत होती? आपल्याकडं रीतच अशी की पुरुष जेवले, पोरं जेवली, सासू-सासरे जेवले की मग सून बसणार, तोवर पातेल्यात रस्सा उरतो, भाजी नाही. उरलेली भाकरी, चटणी, वर चहा. कुणी उपाशी ठेवलेलं नसतं, पण पोटातल्या पोराला लागतं ते तिच्या ताटापर्यंत पोचतच नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायांचा अभ्यास केला, आपल्यासारखीच शेतकरी कुटुंबं. ज्या बायांच्या खाण्यात पालेभाजी, फळं, दूध होतं त्यांची बाळं भरलेली, आणि ज्यांच्या वाट्याला पाण्याचे हंडे, शेतातली जड कामं जास्त त्यांची बाळं बारीक. माण-खटावात उन्हाळ्यात पाणी कोण आणतं हे तुम्हाला मी काय सांगायचं. तर पुढच्या वेळी, म्हणजे दोन-तीन वर्षांनी, ताट आधी तिचं वाढा. बाकी काही नाही केलं तरी चालेल.

प्रश्न : आमी नवरा-बायको दर वर्षी कारखान्याला ऊस तोडायला जातो. पोरगी सतरा पुरी झाली, गावात एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची? स्थळ चांगलं आलंय. लोक अठरा अठरा करतात पण माझ्या आईचं चौदाव्या वर्षी लग्न झालं आणि आठ पोरं झाली. तिला काय झालं? – एक वडील, जत तालुका

उत्तर : दादा, तुमची काळजी खोटी नाही. पोरगी मागं ठेवून सहा महिने फडात राहायचं म्हणजे बापाचा जीव टांगणीला. आणि मुकादम उचल (आगाऊ पैसे) जोडीला देतो, नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळं पोराचं लग्न लवकर उरकायची घाई सगळ्याच टोळ्यांत असते हेपण मला माहीत आहे.

पण आईला एकदा शांतपणे विचारा, आठांतली किती जगली? मी हा प्रश्न आमच्याकडं येणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारत असते, जिवंत पोरं बोटावर मोजून सांगतात आणि मग गेलेली आठवायला लागतात, एक पहिलटकरणीचं, एक सटवाईच्या पूजेआधीच गेलेलं. त्या काळी ते सांगायची पद्धत नव्हती एवढंच.

सतराव्या वर्षी पोरीचं स्वतःचं अंग भरत असतं, हाडं पक्की होत असतात, रक्त आधीच कमी. त्यात पोट राहिलं की एकाच घासात दोन वाढणारे जीव. वीसच्या आतल्या आयांना झटके येणारं बीपी आणि बाळंतपणातलं इन्फेक्शन विशीतल्या बायांपेक्षा जास्त, आणि त्यांची बाळं लवकर होण्याचं, कमी वजनाची होण्याचं, पहिल्या महिन्यात गंभीर आजारी पडण्याचं प्रमाणही जास्त, हे जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं सांगतेय. आणि आपल्याकडं हे थोडंथोडकं नाही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या शंभर बायांमागं जवळपास २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं.

कायद्याचंही ऐका. अठराच्या आतल्या बायकोशी संबंध हा २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून गुन्हा आहे, आणि अशी मुलगी गरोदर होऊन दवाखान्यात आली तर डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. मग त्या भीतीनं काय होतं, घरचे तपासणीलाच नेत नाहीत, वय खोटं सांगतात, कळा सुरू झाल्यावर धावाधाव, म्हणजे जिला तपासणीची सगळ्यात जास्त गरज तीच तपासणीबाहेर. (ह्यातून आधीच पोट राहिलेली कुणी पोरगी हे वाचत असेल तर बाई, दवाखाना टाळू नको, खरं वय सांग, उपचार नाकारता येत नाहीत.)

स्थळ चांगलं असेल तर ते थांबतील. तोवर पोरीला नातेवाइकांकडं किंवा सरकारी वसतिगृहात ठेवून बारावीपर्यंत शिकवता येतं का बघा, समाजकल्याण ऑफिसला आणि शाळेतल्या मुख्याध्यापकांना विचारा. आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचा दबाव असेल तर १०९८ हा नंबर पोरीच्या हाताशी राहू द्या, गावात ग्रामसेवकच बालविवाह रोखायला जबाबदार असतात.

प्रश्न : माझं लग्न मामाच्या मुलाशी ठरलंय, आमच्यात रीतच आहे. कॉलेजात मैत्रिणी म्हणाल्या बाळात दोष येतो. खरंय का? – कवठे महांकाळ

उत्तर : थोडं खरं, थोडं वाढवून सांगितलेलं. कुठल्याही जोडप्याला जन्मजात दोषाचं बाळ होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन असते, आते-मामे भावंडांत ती साधारण चार ते सहापर्यंत जाते. म्हणजे बहुतेक बाळं चांगलीच होतात. पण एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या असंच होत आलं असेल तर धोका साचत जातो, आणि सख्ख्या मामाशी लग्न, जे सीमाभागात अजून होतं, त्यात तो आणखी जास्त. दोन्हीकडची एकच आज्जी असली की तिच्यातला लपलेला एखादा दोष दोन्ही बाजूंनी उतरून एकत्र येऊ शकतो, एवढंच त्यातलं गणित. त्यामुळं पत्रिका बघण्याआधी घराण्याची चौकशी कर, कुणी जन्मापासून मुकं-बहिरं आहे का, कुणाची बाळं लागोपाठ गेलीत का, कुणाला सारखं रक्त भरावं लागायचं का. असं काही निघालं तर आधी जनुकीय सल्ला घ्या, मिरज-कराडला मेडिकल कॉलेजं आहेत, तिथं विचारा. थॅलेसेमिया, सिकलसेल ह्या घराण्यातून उतरणाऱ्या रक्ताच्या आजारांची तपासणी दोघांचीही लग्नाआधीच करा. आणि तुला हे लग्न मनातून नको असेल तर त्यासाठी दोषाचं कारण लागत नाही.

प्रश्न : बायकोला सातवा महिना चालूय, रोज दोन-तीन वेळा मिश्री लावते. आई म्हणते आम्ही पण लावायचो, त्याशिवाय पोट साफ होत नाही. मिश्री म्हणजे काय सिगारेट नव्हे ना? – कोरेगाव

उत्तर : मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, तव्यावर काळी केली म्हणून तिचं विष जात नाही, हिरडीतून ते रक्तात आणि रक्तातून नाळेत. मुंबईत १,२१७ गरोदर बायांचा अभ्यास झाला, २००४ मध्ये छापून आला, त्यात सगळ्यात जास्त वापर मिश्रीचाच होता. तंबाखू लावणाऱ्या-खाणाऱ्या बायांची बाळं बाकी सगळा फरक वजा करून सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली आणि फार लवकर, म्हणजे ३२ आठवड्यांच्या आत बाळंत होण्याचा धोका कित्येक पटीनं जास्त. अजून दोन महिने आहेत, आजपासून सोडली तरी फायदा आहे. पोट साफ होण्यासाठी सकाळी कोमट पाणी, पालेभाजी, पेरू, नाहीच जमलं तर डॉक्टर औषध देतील. एकदम सुटत नसेल तर तिला रागवू नका, ती सवय आहे, खोड नव्हे. तुम्ही घरात बिडी ओढत असाल तर तीपण बाहेर, आणि चुलीचा धूरही ह्यातच मोजायचा.

प्रश्न : मोठी मुलगी नऊ महिन्यांची, अजून अंगावर पिते, आणि परत दिवस गेलेत. सासरी सगळे खूश की आता मुलगा होणार. मला चक्कर येते, रक्त ८ आलंय. नवरा म्हणतो बघू काय होतंय ते. भीती वाटतेय. – वाळवा तालुका

उत्तर : ताई, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. बाळंतपणानंतर निदान दोन वर्षं थांबून मग दिवस राहावेत असं सांगतात ते उगाच नाही, पहिल्या बाळंतपणात गेलेलं रक्त, लोह, कॅल्शियम भरून यायला तेवढा वेळ लागतो. दीड वर्षाच्या आत परत राहिलं तर बाळ लवकर होण्याचा, बारीक होण्याचा धोका वाढतो, आणि अंगावरचं मोठं मूलही मागं पडतं. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की कमी, तुझं ८ म्हणजे नुसत्या गुळ-शेंगदाण्यानं भागणार नाही. आज उद्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. लोहाची गोळी जेवणानंतर लिंबूपाण्यासोबत घे, चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर नको, शी काळी होईल त्याला घाबरू नको. गोळीनं वाढलं नाही तर शिरेतून लोह देतात. महाराष्ट्रात गरोदर बायांपैकी शंभरात ४५ च्या वर बायांना रक्त कमी असतं, तू एकटी नाहीस, पण म्हणून चालवून घ्यायची गोष्टही नाही.

मोठीला पाजणं लगेच तोडायला नको, पण तिला आता दिवसातून तीन-चार वेळा वरचं खायला पाहिजे, डाळ-भात, अंडं, तूप घातलेली पेज.

मुलगा-मुलगी बापाच्या बीजावर ठरतं, हे शाळेत सगळे शिकतात आणि घरी विसरतात. आपल्या भागात ह्या हट्टापायी काय काय झालंय ते बघ. २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेनं नकुशा नावाच्या २८५ मुलींना नवीन नावं दिली, आईबापानं मुलगी नको म्हणून ते नाव ठेवलेलं. २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याजवळ १९ भ्रूण पुरलेले सापडले आणि ज्या बाईच्या मृत्यूमुळं ते उघडकीला आलं तीही गरोदर होती. मुलासाठी लागोपाठची बाळंतपणं, मध्ये लपूनछपून केलेले गर्भपात, ह्यात आईचं अंग झिजतं आणि पुढचं बाळ, मग ते मुलगा असो का मुलगी, अशक्त जन्मतं. लिंग तपासायला कुणी नेलं तर जाऊ नको, तो गुन्हा आहे. पण तुला हे बाळंतपणच आत्ता नको असेल तर तो वेगळा विषय आहे, कायद्यानं गर्भपात करता येतो, तू सज्ञान असशील तर फक्त तुझी सही लागते, नवऱ्याची नाही, सासूची तर नाहीच. ठेवायचं ठरवलंस तर बाळंत झाल्यावर दवाखान्यातच ४८ तासांत तांबी बसवून घेता येते, नाहीतर पाळणा लांबवायला दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, छाया गोळी, सगळं सरकारी दवाखान्यात फुकट. आणि हा अंक नवऱ्याच्या हातात दे. बघू काय होतंय असं म्हणणाऱ्यानं निदान तपासणीला बरोबर यावं.

प्रश्न : लग्न उशिरा झालं, आता ३६ व्या वर्षी पहिल्यांदा दिवस गेलेत. सगळे घाबरवतात. – सांगली

उत्तर : घाबरू नका, तपासण्या चुकवू नका. पस्तिशीनंतर साखर आणि बीपी वाढायचं प्रमाण जास्त, डाऊन सिंड्रोमची शक्यता ३५ व्या वर्षी साधारण साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक. ११ ते १३ आठवड्यांत एनटी स्कॅन आणि डबल मार्कर, १८ ते २० आठवड्यांत बाळाच्या अवयवांची सोनोग्राफी, साखरेची तपासणी सुरुवातीला एकदा आणि सहाव्या महिन्यात एकदा. चांगलं खाणं आणि वेळेवर तपासणी असेल तर तुमची बाजू सतराव्या वर्षीच्या पोरीपेक्षा कितीतरी भक्कम आहे.

प्रश्न : मी आशा आहे. आमच्या गावच्या फडात बीडकडची टोळी उतरलीय, त्यात एक बाई सात महिन्यांची गरोदर, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. माझ्या यादीत तिचं नाव नाही. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणते खाडा पडंल, पैसे कापतील. काय करू? – कराड तालुका

उत्तर : तुमच्यासारखी बाई आहे म्हणून तिचं कुणीतरी बघतंय. पहाटे अंधारात फडात, दिवसभर वाकून तोडणी, मग मोळ्या वाहायच्या, रात्री कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, येऊन चूल, ह्या बाईचं बाळ कमी वजनाचं होईल हे सांगायला कुठला अभ्यास लागत नाही. २०२० च्या सरकारी आकड्यांत महाराष्ट्राचा बालमृत्यू दर, म्हणजे वर्षाच्या आत जाणारी बाळं, हजारी १६ होता, देशाचा २८, आपण त्याचा अभिमान बाळगतो, पण हा आकडा सरासरीचा आहे, कोपीतलं बाळ आणि बंगल्यातलं बाळ त्यात एकाच रांगेत मोजलेलं असतं. देशातल्या त्या २८ मधली २० बाळं पहिल्या २८ दिवसांतच गेलेली, आणि गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी दाखवून दिलं की गावातल्याच शिकवून तयार केलेल्या बाईनं घरोघर जाऊन नवजात बाळ बघितलं तर हे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी होतात, १९९९ मध्ये ते जगभर छापून आलं. तुमच्या गृहभेटी त्यातूनच आल्यात. त्यामुळं यादीत नाव नसलं तरी ही तुमचीच बाई समजा.

तिच्याकडं माता-बाल संरक्षण कार्ड आहे का विचारा, बहुतेक गावी ठेवलेलं असतं, मग तिच्या गावच्या आशाला फोन लावून नोंदणी नंबर घ्या, नसेलच तर इथं नवीन नोंद करायला एएनएमना (उपकेंद्राच्या नर्सबाईंना) सांगा, स्थलांतरित म्हणून करता येते आणि अंगणवाडीचा आहारही मिळतो. दिवसा ती येणार नाही हे धरूनच चाला, टोळी संध्याकाळी कोपीवर येते तेव्हा एएनएमना घेऊन जा, बीपी, हिमोग्लोबिन, लघवी आणि पोटावरून बाळाची वाढ एवढं तिथंच होतं, गोळ्या तिथंच द्या. मग महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्वाच्या दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, त्या एका दिवसाच्या खाड्याचं मुकादमाशी तुम्ही एकट्यानं बोलू नका, सरपंच किंवा कारखान्याच्या शेतकी खात्यातल्या माणसाला बरोबर घ्या, बाई फडात बाळंत झाली तर टोळीचं काय होईल हे मुकादमाला बरोबर कळतं. मोळी डोक्यावर न देता तिला वाढं (उसाचे शेंडे) बांधायला बसवा, एवढं तरी त्याच्या हातात आहे.

बाळंतपण, सिझर, औषधं, नेणं-आणणं सरकारी दवाखान्यात फुकट आहे, आजारी बाळाला वर्षाचं होईपर्यंत फुकट आहे, कुठल्याही जिल्ह्याची बाई असली तरी. हे तिच्या नवऱ्याला समोर बसवून सांगा, कारण खर्चाच्या धास्तीनंच हे लोक शेवटपर्यंत थांबतात. आणि १०२ व १०८ दोन्ही नंबर त्याच्या, मुकादमाच्या आणि ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या मोबाईलमध्ये तुमच्या समोर सेव्ह करून घ्या, कोपीचा पत्ता ॲम्ब्युलन्सवाल्याला सांगता येत नाही म्हणून जवळचं देऊळ, कालवा, शेतमालकाचं नाव आधीच ठरवून ठेवा. पाणी गेलं, रक्त गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढं अंधारी आली, बाळ फिरायचं कमी झालं, ह्यातलं काहीही झालं तर रात्र असो की भरणी चालू असो, पहिला फोन तिकडं आणि दुसरा तुम्हाला.